होलिकच्या काचघरातले एकशे चौसष्ट दगड

अलोइस होलिकला पक्षाघाताचा झटका आला त्या दिवसापर्यंत हजारभर झाडांची लॅटिन नावं त्याला तोंडपाठ होती. नऊ आठवड्यांनी तो इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. ‘चूक.’

सूप पुढे ठेवलं की चूक. नर्सने नाडी धरली की चूक. शेजारची म्हातारी खसखशीचे गोड पाव घेऊन आली, त्याच्या गालावरून हात फिरवून रडली, तिलाही चूक. ती बिचारी पाव तसेच ठेवून निघून गेली आणि परत आली नाही.

वाचा-उपचारासाठी आठवड्यातून एकदा एक तरुण मुलगी यायची. तिने अलोइसच्या बायकोला, यार्मिलाला, स्वयंपाकघरात गाठून समजावलं.

“असं होतं कधीकधी, होलिकबाई. त्यांना सगळं समजतंय. पण बोलायला गेले की प्रत्येक गोष्टीचा तोच शब्द होतो. ‘हो’ म्हणायचं असतं, ‘पाणी दे’ म्हणायचं असतं, आणि तोंडातून हे निघतं. मनावर घेऊ नका.”

“पण हाच शब्द का?”

“जिभेला ज्याची फार सवय, तो कधीकधी मागे राहतो.”

“मग बरोबर आहे,” यार्मिला म्हणाली आणि पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडायला वळली.

अलोइस चौतीस वर्षं झ्नोइमोच्या चिनीमातीच्या कारखान्यात तपासनीस होता. हात धुण्याची भांडी सरकत्या पट्ट्यावरून यायची, तो लाकडी हातोडीने टिचकी मारायचा, कान लावायचा आणि आवाज बद्द आला की लाल खडूने फुली. घरी त्याच्याकडे खडू नव्हता, शब्द होता. सॉसमध्ये शेपू जास्त, चूक. पडदा अर्धा ओढलेला, चूक. बातम्या देणाऱ्या बाईचं नाव यार्मिलाने घेतलं, तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचा, चूक. त्यात राग नसायचा. भांड्याला फुली मारताना तरी कुठे असतो?

यार्मिला त्याच गावात, काकड्यांच्या कारखान्यात होती. एकोणतीस वर्षं. समोरून काकड्या वाहत जातात आणि बाईने त्या तीन मापांत वेगळ्या करायच्या. मोजपट्टी नाही, विचार करायला वेळ नाही. हंगामात एका पाळीत किती हजार काकड्या हातांखालून जात, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

घरामागे नऊ मीटर लांबीचं काचघर होतं. सुरुवातीला अलोइसने त्यात निवडुंग ठेवले, मग सगळ्या प्रकारचे सक्युलंट, आणि शेवटी बाकीचे वाटून टाकून फक्त एकाच जातकुळीची झाडं ठेवली: लिथॉप्स, ज्यांना तिकडे सगळे जिवंत दगड म्हणतात. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, आकार अक्रोडाएवढा. खडीत ठेवलं तर झाड कुठलं आणि खडा कुठला ते सांगता येत नाही. अशा एकशे चौसष्ट कुंड्या. प्रत्येक कुंडीत एक पांढरी पट्टी. तिच्यावर पेन्सिलीने नाव आणि एक क्रमांक. दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्या शेताच्या कुठल्या टेकडीवरून त्या झाडाचं मूळ बी आलं, ते त्या क्रमांकावरून कळतं. पट्टी हरवली की झाड तेच राहतं, तसंच वाढतं, फुलतं, पण संग्राहकाच्या लेखी ते संपतं. निवडुंगवाल्यांच्या मंडळात असं झाड कुणी फुकटही घेत नाही.

अलोइसने बायकोला नावं शिकवली नाहीत. काचा पुसायच्या, पावसाचं पाणी बादल्यांनी आणायचं, वाळू चाळायची, हे तिचं काम. बाकांपाशी मात्र तो तिला येऊ देत नसे. “तुझे हात काकड्यांचे आहेत,” म्हणायचा. पाहुणे आले की मात्र बोलवायचा. मंडळाचे अध्यक्ष तेसार, हे दातांचे डॉक्टर, बियर घेऊन काचघरात उभे असायचे, आणखी दोघेतिघे असायचे. अलोइस एक कुंडी उचलून तिच्यासमोर धरायचा.

“सांग म्हातारे, हे काय?”

पहिल्यांदा तिने खरंच नीट पाहिलं होतं. म्हणाली, “गाढवाच्या खुरासारखं दिसतंय.”

तेसारांच्या नाकातून बियर आली. पुढची वीस वर्षं नाताळच्या मेजवानीत, शिकारीत, सहलीत, कुठेही यार्मिला दिसली की कुणी तरी विचारायचं, “काय होलिकबाई, खूर कसे आहेत?” ती हसायची. न हसून काय करणार होती?

एकदा तिने कोठाराच्या कौलांवरून घरोट्याची रोपं काढून आणली. वीज पडू नये म्हणून लोक छपरावर लावतात तीच, गुलाबासारखी जाड पानांची. एका फुटक्या मडक्यात लावून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अलोइसने ती संध्याकाळी खताच्या खड्ड्यात टाकली. “छपरावरचं गवत. रोग आणेल माझ्या झाडांना.” मडकं धुऊन त्याने जागेवर ठेवलं. मडक्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं.

आता ती चूक, जी त्याने स्वतः केली.

उन्हाने पट्ट्यांवरची पेन्सिल फिकी होते, म्हणून शहाणा माणूस एक पट्टी काढतो, नवी लिहितो, खोचतो, मग पुढच्या कुंडीकडे जातो. अलोइसला हे वेळखाऊ वाटायचं. दर एप्रिलमध्ये तो सगळ्याच पट्ट्या एकदम उपटायचा, कुंड्यांच्या क्रमाने फळीवर मांडायचा, बसून एकटाकी लिहायचा आणि त्याच क्रमाने परत खोचायचा. अठ्ठावीस वर्षांत एकदाही गडबड झाली नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी पट्ट्या फळीवर मांडून झाल्यावर तो उठला आणि उजव्या बाजूने कोसळला. पडताना त्याने फळी धरली. यार्मिला धावत आली तेव्हा एकशे चौसष्ट पट्ट्या त्याच्या अंगावर, ओल्या जमिनीवर विखुरल्या होत्या, आणि अलोइस त्यांच्याकडे पाहत होता. तिच्याकडे नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. झटक्याच्या आधीच्या हिवाळ्यात शहरातल्या वनस्पतीबागेचं पत्र आलं होतं. बाग त्याचा पूर्ण संग्रह घ्यायला तयार होती. नव्या काचघरात स्वतंत्र बाक आणि त्यावर पाटी, ‘अलोइस होलिक यांचा संग्रह’. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, झाडं फुलल्यावर, बागेच्या तज्ज्ञ येऊन पाहणार होत्या. अट एकच: प्रत्येक झाडाची ओळख पक्की हवी आणि मालकाने ती समक्ष सांगितलेली हवी. ते पत्र अलोइसने फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं. इस्पितळातून आल्यावर त्याची चाकाची खुर्ची स्वयंपाकघरात कुठेही ठेवली तरी तो मान वळवून ते पत्र शोधायचा.

वाचा-उपचारवाली मुलगी म्हणाली होती, त्यांच्या आवडीचं बोला. म्हणून जुलैमध्ये यार्मिलाने त्याची वही उघडली. बारीक अक्षरात प्रत्येक झाडाचं वर्णन होतं: पानाचा रंग, वरच्या रेषा तुटक की सलग, ठिपके लाल की करडे, फूल पिवळं की पांढरं, कोणत्या तारखेला. वही सांगत होती संग्रहात काय काय आहे. कुठल्या कुंडीत काय, ते मात्र फक्त अलोइसला ठाऊक होतं.

ती भिंग घेऊन बसली. पहिले पंधरा दिवस तिला एकशे चौसष्ट खूरच दिसत होते. मग एका सकाळी डोळ्यांना सवय झाली, जशी काकड्यांच्या पट्ट्यावर पहिल्या हंगामात झाली होती. ही रेष तांबूस आहे, ती विटकरी. इथे चीर खोल आहे. हे दोघं एका मापाचे पण एका घरचे नाहीत. ती नाव मोठ्याने म्हणायची, बटाटे सोलताना म्हणायची, बसमध्ये पुटपुटायची. लिथॉप्स कारासमोंटाना. लिथॉप्स लेस्लीई. शरदात फुलं आली तेव्हा पांढरी आणि पिवळी अशी सरळ दोन भागांत वाटणी झाली आणि निम्मं काम सोपं झालं. जे आफ्रिकेतलं शेत ती कधी बघणार नव्हती त्याचं नाव तिला शेजारच्या गावासारखं ओळखीचं झालं.

दरम्यान ती मंडळात जायला लागली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पबच्या मागच्या खोलीत बैठक असते. शेवटी झाडांची सोडत. नियम जुना आहे: ज्याचा क्रमांक निघेल त्याने झाडाचं पूर्ण नाव सांगायचं, तरच झाड त्याचं, नाही तर पुढच्याचं. नोव्हेंबरात यार्मिलाचा क्रमांक निघाला. तेसारांनी नखाएवढं, मण्यासारखं पारदर्शक झाड हातात धरलं आणि पट्टी अंगठ्याखाली झाकली.

“आता आली का पंचाईत! होलिकबाई, खूर म्हणालात तरी अर्धे गुण देतो.”

खोली हसली. यार्मिलाने चष्मा लावला.

“कोनोफायटम बुर्गेरी. आणि डॉक्टर, अंगठा काढा, घाम लागला तर कुजेल.”

कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तेसार म्हणाले, “अलोइसने ऐकायला हवं होतं हे!”

“तुम्ही या ना सांगायला,” यार्मिला म्हणाली. “जून महिन्यात तुम्ही दारातूनच बाटली देऊन गेलात. त्यानंतर कुणी आलं नाही.”

तेसारांनी पुढचा क्रमांक वाचला.

घरी येऊन तिने ते झाड अलोइसच्या मांडीवर ठेवलं, नाव सांगितलं.

“चूक,” अलोइस म्हणाला.

तिने मंडळाची यादी काढली. नाव बरोबर होतं. तिने ते झाड दाराजवळच्या रिकाम्या बाकावर ठेवलं. हिवाळाभर तिथे आणखी झाडं येत राहिली: सोडतीतली, अदलाबदलीतली, कुणाच्या पानाचा तुकडा रुजवलेला. आणि पुढे, कोठारावरचे घरोटे. सगळ्यांच्या पट्ट्या तिच्या हाताने लिहिलेल्या, गोल, शाळकरी अक्षरात. हा बाक अलोइसच्या खुर्चीसमोरच होता. तिने खुर्ची मुद्दाम तिथे ठेवली असं म्हणता येईल.

रोज सकाळी ती त्याला काचघरात न्यायची आणि कुंड्यांची नावं वाचायची. चूक. चूक. चूक. उपचारवाली म्हणाली होती की तो सगळ्यालाच तसं म्हणतो, आणि ते खरं होतं. पण यार्मिलाचा कान त्याच्या बोलण्यावर अडतीस वर्षं तयार झालेला होता. सुपाला म्हटलेलं ‘चूक’ मऊ असायचं, शेवटी जरा वर जाणारं. नर्सच्या वेळी तर जवळजवळ लाडिक. तिने नाव घेतलं की तेच जुनं, कोरडं, फुली मारल्यासारखं. तिने परीक्षा घेतली. मुद्दाम खोटी नावं वाचली: चूक. खरी वाचली: चूक. दोन्हीत फरक नव्हता. म्हणजे नाव काय घेतलं याचा संबंधच नव्हता. कोण घेतंय, त्याचा होता.

फेब्रुवारीत एके दिवशी, चाळिसाव्या कुंडीला, तिने वही मिटली, त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि ब्रेक लावला. दुपारच्या जेवणापर्यंत तो विटा बघत बसला. जेवणाच्या वेळी ती त्याला घेऊन आली, सूप भरवलं, तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. पुढे असं आणखी काही वेळा झालं. तिने ते मोजलं नाही.

दुसरा शरद आला. तिने शेवटची पट्टी खोचली तेव्हा सप्टेंबर संपत होता. एकशे चौसष्ट.

बागेच्या तज्ज्ञ डॉक्टर मारेशोवा ऑक्टोबरच्या एका कोरड्या सकाळी आल्या. चाळिशीच्या, उंच, गळ्यात भिंग. काचघर पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. अलोइसला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं होतं. परक्यांसमोर तो अलीकडे ओठ घट्ट मिटून बसायचा. आपल्या तोंडून काय निघणार ते त्याला माहीत होतं. त्याने मान लववली.

“त्यांना समजतं ना सगळं?” मारेशोवांनी हळूच विचारलं.

“सगळं समजतं.”

“वाचा?”

“वाचेवर परिणाम झालाय,” यार्मिला म्हणाली. खोटं काही बोलली नाही.

“मी त्या फळीबद्दल ऐकलं. वाईट झालं. पट्ट्या पुन्हा तुम्ही लावल्यात? एकट्यांनी?” त्यांनी वाकून पहिली ओळ पाहिली. “मी यातली वीसेक दिसण्यावरून ओळखू शकते. कुठल्या शेतातलं कुठलं, ते मला शक्य नाही, कुणालाच नाही. ते फक्त होलिकसाहेब सांगू शकतील. तुम्ही नाव घ्या, साहेबांना नुसती मान हलवू द्या. त्यांचं काही म्हणणं नसलं की मी टिकमार्क करते.”

यार्मिलाने सुरुवात केली. वही घेतली नाही. नाव, क्रमांक, शेत, फुलाचा रंग. पुढची कुंडी. नाव, क्रमांक, शेत. तिचा आवाज सपाट होता, पट्ट्यावरून काकड्या जाव्यात तसा. मारेशोवांची पेन्सिल मागे पडायला लागली. दहा झाल्या, वीस झाल्या. त्या मध्येच थांबून म्हणाल्या, “तुम्ही कुठल्या विद्यापीठात होता, होलिकबाई?”

“काकड्यांच्या,” यार्मिला म्हणाली.

अलोइस तिच्याकडे बघत होता. कुंड्यांकडे नाही, तिच्याकडे. तिसाव्या कुंडीला त्याचे ओठ हलले. ते लालसर दाण्यांचं, अगदी छोटं झाड होतं, त्याने तीन वेळा बियांपासून वाढवायचा प्रयत्न करून चौथ्यांदा जगवलेलं. यार्मिलाने नाव घेतलं, क्रमांक घेतला, आणि वहीत नसलेली एक गोष्ट सांगितली: याला इतरांपेक्षा दहा दिवस उशिरा पाणी द्यावं लागतं.

“चूक,” अलोइस म्हणाला.

ते मऊ होतं. सुपापेक्षाही मऊ. शेवटी वर जाऊन तिथेच थरथरत राहिलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि त्याने डाव्या हाताने यार्मिलाची बाही धरली, थोपटली, पुन्हा थोपटली. “चूक,” तो म्हणाला. “चूक. चूक.”

मारेशोवा चमकून वळल्या. “हे बरोबर नाही म्हणताहेत?”

यार्मिलाने त्या हाताकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं: तो सगळ्यालाच तसं म्हणतो. तिने ते पोस्टमनला सांगितलं होतं, नर्सला, नळवाल्याला सांगितलं होतं. रस्त्यावरच्या कुणालाही सांगितलं असतं.

ती काही बोलली नाही.

“होलिकसाहेब, मग हे कुठलं आहे?” मारेशोवा खुर्चीजवळ वाकल्या. “सावकाश सांगा. पहिलं अक्षर तरी?”

“चूक,” अलोइस म्हणाला आणि भयंकर घाबरून बायकोकडे पाहिलं. त्याने मान हलवायला सुरुवात केली, वरखाली की आडवी ते त्यालाच ठरवता येईना. “चूक, चूक, चूक.”

“आणि हे शेजारचं?”

“चूक!”

आणखी सात कुंड्या विचारून मारेशोवांनी फाइल मिटली. त्यांचा चेहरा पडला होता. त्या चांगल्या बाई होत्या.

“मला फार वाईट वाटतंय. तुमची मेहनत दिसते आहे. पण मालक स्वतःच नाकारताहेत तेव्हा मी सही करू शकत नाही. उद्या चुकीच्या नावाने शंभर झाडं बागेत गेली तर…” त्यांनी फाइल काखेत धरली. “कदाचित तुमची थोडी गल्लत झाली असेल.”

“त्याचंच बरोबर असणार,” यार्मिला म्हणाली. “अडतीस वर्षं त्याचंच बरोबर होतं.”

तिने त्यांना कॉफी विचारली, त्यांनी घेतली नाही. फाटकापर्यंत पोचवून ती परत आली. तिने त्याला घरात नेलं. कमरेखालचं सगळं ओलं झालं होतं, ते बदललं. मग फ्रिजवरचं पत्र काढून घडी घातली आणि कागदांच्या रद्दीत ठेवलं.

वाचा-उपचारवाली मुलगी नोव्हेंबरात गोंधळली. “मागे चाललेत. तो एक शब्द होता, तोही आता वापरत नाहीत. काही घडलं का?”

“इथे काय घडणार?” यार्मिला म्हणाली.

मुलीने तीन महिने प्रयत्न केले. चित्रं दाखवली, गाणी म्हटली, सुपाचा वाडगा पुढे करून मागे घेतला. अलोइस ओठ मिटून बसायचा, जसा पूर्वी परक्यांसमोर बसायचा. आता घरातही.

मे महिन्यात गावच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन भरलं. मंडळाच्या नियमात मालकाच्या संमतीची अट नाही. जो झाडं आणतो, जो नावं सांगतो, ती त्याची. लांबलचक टेबलावर एकशे चौसष्ट जिवंत दगड होते, टोकाला तो मण्यासारखा पारदर्शक जीव आणि घरोट्यांचं एक ताट. पुठ्ठ्यावर गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘संग्रह: यार्मिला होलिकोवा’. लोक रांगेने येत होते, विचारत होते, ती एकेकाला नाव, क्रमांक, शेत सांगत होती. शेवटी पहिल्या बक्षिसाची निळी फीत त्याच टेबलाला बांधली.

अलोइसला तिने बरोबर आणलं होतं. खुर्ची टेबलाच्या कडेला होती.

तेसार आले, दोन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभे राहिले आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं ओरडून बोलले, “काय अलोइस! बायकोने मारली की बाजी! कशी आहेत झाडं? सगळं ठीक लावलंय ना हिने?”

अलोइस जमिनीकडे बघत राहिला. तेसारांनी खांदे उडवले आणि आवाज खाली आणून यार्मिलाला विचारलं, “रुसलाय का?”

“नाही हो डॉक्टर,” ती म्हणाली. “आता काही चुकीचं दिसत नाही त्याला.”

मागे शाळेच्या मुलांचा घोळका आला होता आणि खुर्चीमुळे त्यांना टेबलापर्यंत पोचता येत नव्हतं. यार्मिलाने ब्रेक सोडला, खुर्ची ढकलत कोटांच्या खुंट्यांखाली नेऊन उभी केली, आणि पुढचं नाव सांगायला परत आली.